बॅट्सबर्गची पाटी, आणि मुलीचा एक प्रश्न

कोलंबियाकर
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही साउथ कॅरोलायनात, कोलंबिया शहरात राहतो. गेल्या महिन्यात ऑगस्टाहून परतताना महामार्गावर ट्रक उलटला होता, म्हणून जीपीएसने आम्हाला जुन्या एक नंबरच्या रस्त्याला घातलं. वाटेत बॅट्सबर्ग-लीसव्हिल नावाचं छोटंसं गाव लागतं. पीच घ्यायला थांबलो. पाय मोकळे करताना मुलीला एक इतिहासाची पाटी दिसली. अशा पाट्या इथे गावोगाव असतात, कोणी वाचत नाही. ही तिने वाचली, कारण खालच्या भागात ब्रेलचे ठिपके होते. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाबा, अंधांसाठी का?"

ती पाटी आयझॅक वुडर्डची. काळा सार्जंट, दुसरं महायुद्ध करून आलेला. १२ फेब्रुवारी १९४६ ला ऑगस्टाजवळच्या छावणीतून सन्मानाने सुटी मिळाली, संध्याकाळी अंगात वर्दी असतानाच घरी जायला बसमध्ये बसला. लघवीला थांबता का म्हणून विचारल्यावरून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. बॅट्सबर्गला ड्रायव्हरने पोलीस बोलावले. गावच्या पोलीस प्रमुखाने दंडुक्याने इतकं मारलं की सकाळी कोठडीत जाग आली तेव्हा दोन्ही डोळे गेले होते. वर त्यालाच दंड! खटला इथे कोलंबियात चालला. ज्युरी सगळी गोरी, अर्ध्या तासाच्या आत प्रमुख निर्दोष सुटला. पाटी बसली २०१९ ला.

आता प्रश्न. आमच्या शहरातच फोर्ट जॅक्सन आहे, रंगरूटांचं मोठं प्रशिक्षण केंद्र. मुलीच्या बारावीच्या वर्गातला एक काळा मुलगा जूनमध्ये भरती होतोय. त्याचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे सैन्यात. गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "एवढं होऊनही हे लोक सैन्यात जातात कशाला?" मला काही सांगता आलं नाही. मी म्हटलं पीच खा.

तुम्ही काय सांगितलं असतं?

शंकासुर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

रेणुका_ऑस्टिन
चांगला विषय. वुडर्डची गोष्ट कोठडीत संपत नाही. ट्रुमन अध्यक्ष होते, स्वतः पहिल्या महायुद्धातले तोफखान्याचे कॅप्टन. मिसूरीचे, घरात दक्षिणेचा अभिमान, खासगीत तोंडी भाषाही तशीच. पण सैनिकाचे डोळे पोलिसाने फोडले हे त्यांना सहन झालं नाही. त्या वर्षअखेर त्यांनी नागरी हक्कांवर समिती नेमली, आणि २६ जुलै १९४८ ला आदेश क्रमांक ९९८१ काढला, की सैन्यात वंश, रंग, धर्म न बघता समान वागणूक. गंमत म्हणजे काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवायच्या की नाहीत याबद्दल आदेशात चकार शब्द नाही. ते नंतर पत्रकार परिषदेत विचारून घ्यावं लागलं.

अर्थात एकट्या ट्रुमनना श्रेय देऊ नका. रेल्वेच्या काळ्या पोर्टरांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी बजावलं होतं, की वेगळ्या पलटणी राहणार असतील तर मी पोरांना भरतीवर बहिष्कार घालायला सांगेन. निवडणुकीचं वर्ष होतं. दोन्हींचा हिशेब झाला असणार.

चंदेरी_तलवार
प्रत्येक गोष्टीत रंग शोधायची फॅशन झाली आहे. सैन्यात एकच रंग असतो, हिरवा. मी टेक्सासमध्ये छावणीच्या गावात आठ वर्षं काढली आहेत. शेजारी एका बाजूला काळा मास्टर सार्जंट, दुसऱ्या बाजूला गोरा, दोघांची बायकापोरं एकाच ग्रिलवर. शिकागोत दाखवा मला अशी गल्ली. १९४६ ची पाटी वाचून आजच्या पोराबद्दल प्रश्न विचारणं बरोबर नाही.

बटाटावडा
मूळ मुद्दा राहिला बाजूला. पीच कसे होते?

कोलंबियाकर
@बटाटावडा, गोड. पण दीड तास त्या प्रश्नाबरोबर खाल्ले.
@चंदेरी, १९४६ ला जाऊन थांबत नाही ना. त्याचे पणजोबा त्याच युद्धातले.

मास्तर_इतिहासाचे
कशाला जातात, या प्रश्नाचं पहिलं उत्तर १८६३ मध्येच, गुलामीवरून पेटलेल्या यादवी युद्धात दिलं गेलं होतं. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस गावोगाव भाषणं करून पोरं भरती करत होते. मुद्दा असा, की काळ्या माणसाच्या अंगावर सरकारी बिल्ला आणि गरुडाची बटणं, खांद्यावर बंदूक एकदा आली, की हा नागरिक नाही असं म्हणायची सोय उरणार नाही. त्यांची स्वतःची दोन मुलं ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत होती.

आणि सरकारने काय केलं? गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, त्यातून कपड्याचे ३ कापून हातात ७. ही पलटण म्हणाली, पगारच नको. आज घेतो, उरलेलं मागाहून बघू, असं नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरचा फरक आम्ही भरतो म्हटलं, तेही नाकारलं, कारण प्रश्न पैशाचा नव्हताच. घरी बायकापोरं उपाशी, आणि हे लढतायत फुकट. १८ जुलै १८६३ ला चार्ल्स्टनजवळ (कोलंबियाकर, तुमच्याच राज्यात) फोर्ट वॅग्नरवर चाल करून गेले, तेव्हाही खिशात पगाराची दमडी नव्हती. साधारण दीड वर्ष असं चाललं. १८६४ मध्ये काँग्रेसने समान वेतन मान्य केलं तेव्हा थकबाकीसकट घेतलं.

त्या लढाईत निशाण खाली पडू न देणाऱ्या सार्जंट विल्यम कार्नीला मेडल ऑफ ऑनर (शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळालं ते १९०० मध्ये. सदतीस वर्षांनी. ही उशिराची सवय लक्षात ठेवा, पुढे पुष्कळदा भेटेल.

दुसऱ्या एका काळ्या पलटणीतल्या सार्जंट विल्यम वॉकरने याच पगारावरून माणसांना बंदुका खाली ठेवायला लावल्या. त्याला बंडाच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या.

बटाटावडा
दीड वर्ष पगार नको म्हणणारी माणसं! आमच्याकडे सात तारीख उलटली की एचआरच्या केबिनबाहेर रांग.
(थट्टा बाजूला, मास्तर, शेवटची ओळ दोनदा वाचली.)

अनघा_सिॲटल
सगळे फक्त काळ्या-गोऱ्यांबद्दल बोलतायत म्हणून. आमच्याकडे पश्चिम किनाऱ्यावर जपानी अमेरिकनांची गोष्ट घराघरात आहे. १९४२ मध्ये सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडून तारेच्या कुंपणाआड नेऊन ठेवलं. आणि पुढच्या वर्षी त्याच कुंपणात भरतीचे अधिकारी आले! तरी पोरं गेली. हवाईची पोरं होती, छावण्यांतलीही होती. त्यांची ४४२वी पलटण इटली आणि फ्रान्समध्ये लढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये डोंगरात अडकलेले टेक्सासचे २११ जवान सोडवताना यांचे शेकडो पडले.

त्यातलेच डॅनियल इनोये. इटलीत उजवा हात गेला. घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोत केस कापायला गेले, कॅप्टनची वर्दी, छातीवर पदकं, एक हात नाही. न्हाव्याने विचारलं, तू कोण? अमेरिकन. ते नव्हे, बाप कुठला? जपानचा. तर म्हणे आम्ही जपान्यांचे केस कापत नाही.
ते पुढे जवळपास पन्नास वर्षं सिनेटर होते.

हर्णैची_होडी
अनघा, न्हाव्यावरून एकदम आठवलं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, छावणीच्या शाळेत शिकवायचे. तरी साताऱ्याला असताना न्हावी या मुलांना हात लावायचा नाही. म्हैस भादरेल, पण यांचे केस नाही. ओट्यावर बसवून थोरली बहीण केस कापायची. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

सुभेदाराची मुलं असोत नाहीतर एका हाताचा कॅप्टन. खुर्ची तीच.

शंकासुर
पॉपकॉर्न खाली ठेवले.

माजी_सुभेदार
मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत २६ वर्षं काढली. आमचा सातारा जिल्हा, शेजारचं अपशिंगे गाव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात एका गावचे ४६ गेले. अमेरिकेचं मला काय कळणार, पण माणसं का जातात ते मला विचारा. पोट, दुसरं काय. पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर भरतीचं मैदान. मान वगैरे मागाहून येतो, आणि तो गावात सुट्टीवर आल्यावर ट्रंक उघडून दाखवताना. लंगरात एका ताटातून खाल्लेल्या माणसाची जात मी कधी विचारली नाही, हे मात्र खरं. गावी आल्यावर पुन्हा ज्याची त्याची आळी, हेही तितकंच खरं.

रेणुका_ऑस्टिन
सुभेदारकाका, शेवटचं वाक्य म्हणजे या धाग्याचं निम्मं उत्तर आहे.

हर्णैची_होडी
काका, नमस्कार. एक भर घालते. आमच्या दापोली-मंडणगड भागात महार पेन्शनर पिढ्यान्‌पिढ्या. मुंबई लष्करात महार भरपूर होते. मग 'लढवय्या जातीं'चं खूळ आलं आणि १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद केली. रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर, त्यांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, की आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आता आम्ही नालायक कसे? १९१७ मध्ये माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये पुन्हा गरज, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते.

गरज सरो वैद्य मरो, याला इंग्रजी राज्य काय आणि अमेरिका काय.

फक्त_पुणेरी
आता कोरेगाव भीमा आलंच म्हणायचं. १ जानेवारी १८१८ ला खरं कोण

संपादक
वरील प्रतिसाद व त्यावरचे अकरा उपप्रतिसाद उडवले आहेत. त्या विषयावर चार धागे आहेत, तिथे जावे. इथे अमेरिकी सैन्य.

फक्त_पुणेरी
मी वाक्यही पूर्ण केलं नव्हतं!

बटाटावडा
@फक्त_पुणेरी, तरी अकरा प्रतिसाद आले. यालाच म्हणतात लोकप्रियता.

मावशी_न्यू_जर्सीवाली
मी इतिहासातली नाही, घरातलं सांगते. माझा भाचा शिकायला आला होता इथे. नोकरीच्या व्हिसाचं काही जमेना. तेव्हा एक योजना होती, इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी पोरांना विशिष्ट भाषा येत असतील तर सैन्यात घ्यायचे. २०१६ मध्ये नवी भरती थांबवली. हा हिंदीच्या जोरावर गेला. बहिणीने कोल्हापुरात दोन दिवस चूल पेटवली नाही. फोर्ट जॅक्सनलाच दहा आठवडे होता, आणि शेवटी मैदानावर वर्दीतच नागरिकत्वाची शपथ. एच-वन व्हिसावाले पंधरा-पंधरा वर्षं रांगेत असतात, हा दहा आठवड्यांत अमेरिकन!

तो काय सांगायचा ते ऐका. त्याच्या खोलीत एक काळा मुलगा होता अलाबामाचा. सैन्यात रोज गुळगुळीत दाढी करावी लागते. पण पुष्कळ काळ्या पोरांचे केस कुरळे, कापले की टोक वळून परत कातडीत घुसतं, गळ्यावर दाणे येतात, पिकतात. त्यांना तेव्हा डॉक्टर चिठ्ठी द्यायचे दाढी थोडी ठेवायची. तो मुलगा ती चिठ्ठी सँडविचच्या प्लास्टिक पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवायचा. नवीन कोणी सार्जंट दिसला की आधी हात खिशाकडे. भाचा म्हणाला, मावशी, शिवी कोणी दिली नाही त्याला. पण दिवसातून तीनदा चिठ्ठी दाखवायची. नियम सगळ्यांना सारखा, गळा मात्र त्याचा सोलायचा.

चंदेरी_तलवार
मावशी, नियम गॅस मास्क घट्ट बसावा म्हणून असतो. तरी तुमचा मुद्दा पोचला.

माझं म्हणणं मात्र सोडत नाही. कोरियात १९५०-५१ मध्ये गोऱ्या तुकड्यांत माणसं संपली तेव्हा काळे बदली सैनिक त्यांच्यात घातले. आभाळ कोसळलं नाही. १९५४ पर्यंत शेवटची वेगळी तुकडी मोडली. त्याच वर्षी काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, आणि दक्षिणेतल्या शाळा पुढची पंधरा वर्षं भांडत बसल्या. म्हणजे जे समाजाला जमलं नाही ते सैन्याने हुकमाने केलं. १९८९ मध्ये काळे जनरल कॉलिन पॉवेल सगळ्या सेनाप्रमुखांचे वरिष्ठ झाले. त्या काळात किती मोठ्या कंपन्यांच्या डोक्यावर काळा माणूस होता, सांगा.

शंकासुर
चंदेरी, हुकमाने झालं हे एकशे एक टक्के मान्य. पण हुकूम गेटपर्यंत चालतो. गेटबाहेरचं सांगतो, कारण घराच्या कर्जांवर मी पोट भरतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

१९४४ मध्ये जीआय बिल आलं. परत येणाऱ्या सैनिकाला कॉलेजचा खर्च, घराच्या कर्जाला सरकारी हमी. अमेरिकेचा मध्यमवर्ग म्हणतात तो बराचसा यातून उभा राहिला. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही. मेख अशी होती, की अंमल स्थानिक लोकांच्या हातात ठेवला. सरकार फक्त हमी देणार, कर्ज देणार गावची बँक. कॉलेजचे पैसे मंजूर, पण दक्षिणेतल्या गोऱ्या कॉलेजांत काळ्याला प्रवेशच नाही. विधेयक संसदेत नेणारे रँकिनसाहेब मिसिसिपीचे होते, त्यांना हे नीट कळत होतं. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत अशा हमीची ३,२२९ कर्जं झाली. त्यात काळ्या सैनिकांना किती?

दोन.

टक्के काढू नका, कॅल्क्युलेटरला लाज वाटेल. आता हिशेब करा. ज्याला तेव्हा घर मिळालं त्याने ते विकून मुलाला कॉलेजला घातलं, नातवाला डाउन पेमेंट दिलं. ज्याला मिळालं नाही त्याचा पणतू अजून भाड्याने. गोळी एकाच दिशेने आली होती दोघांवर.

मास्तर_इतिहासाचे
शंकासुर, आजवर तुम्ही फक्त पॉपकॉर्न खाता असं वाटायचं. टोपी काढली.

यालाच जोडून: चिडून परत आलेल्या या सैनिकांनीच पुढचं नागरी हक्कांचं आंदोलन चालवलं. मेडगर एव्हर्स नॉर्मंडीला होता. १९४६ मध्ये मिसिसिपीत मत द्यायला गेला तर बंदुका घेतलेल्यांनी परत पाठवलं. १९६३ मध्ये घराच्या दारात गोळी घातली, पुरला आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत. आणि कोलंबियाकर, तुमच्या क्लॅरेंडन काउंटीतले हॅरी ब्रिग्ज नौदलातून आलेले. काळ्या मुलांसाठी शाळेची बस मागता मागता खटला झाला, नवराबायको दोघांची नोकरी गेली. त्यात वेगळेपणा म्हणजेच असमानता असं लिहिणारे न्यायाधीश वेरिंग. वुडर्डचा खटला ज्यांच्यासमोर चालला तेच. तो अर्ध्या तासाचा निकाल त्यांना आयुष्यभर टोचला.

कट्टा_नंबर_९
व्हिएतनाम राहिलं. सुरुवातीच्या दोन वर्षांत मरणाऱ्यांत काळ्यांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या जवळपास दुप्पट. कॉलेजवाल्यांना सूट, गरिबाला सक्तीच्या भरतीचं पत्र. बॉक्सर मुहम्मद अलीने २८ एप्रिल १९६७ ला भरतीसाठी नाव पुकारल्यावर पुढे पाऊल टाकायला नकार दिला, किताब गेला, १९७१ मध्ये कोर्टाने सोडवलं. छावण्यांत, तुरुंगात दंगली झाल्यावर सैन्याने १९७१ मध्ये वंशसंबंध शिकवायची संस्थाच काढली. म्हणजे चंदेरींचा 'हिरवा रंग' आपोआप आलेला नाही, वर्ग भरवून आणला आहे.

अनघा_सिॲटल
अवांतर: भगतसिंग थिंद कोणाला माहीत आहेत का? आपल्यातलेच, पंजाबी. १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात. फेटा, वर्दी घालून नागरिकत्व घेतलं, चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा मिळवलं, तर १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. १९३५ मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला तेव्हा कुठे १९३६ ला तिसऱ्यांदा मिळालं. वाईट याचं वाटतं, की मी आर्यवंशी म्हणजे गोराच, असा दावा त्यांनी केला होता. वरच्या रांगेत घुसायचं, रांग मोडायची नाही. आपली जुनी खोड.

फक्त_पुणेरी
यावर मला बोलायचं आहे पण संपादक जागे आहेत.

बटाटावडा
छावण्यांच्या नावांचं कोणी काढलं नाही? नॉर्थ कॅरोलायनात फोर्ट ब्रॅग. ब्रॅग्टन ब्रॅग की काय तो, गुलामी टिकवायला अमेरिकी सरकारविरुद्धच लढलेला जनरल.

रेणुका_ऑस्टिन
ब्रॅक्स्टन. आणि त्याच्या नावाच्या छावणीत काळ्या पोरांनी शंभर वर्षं सलाम ठोकले. २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी केलं. २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट ब्रॅग! म्हणे हा ब्रॅग वेगळा, दुसऱ्या महायुद्धातला एक शिपाई, आडनाव तेच.

बटाटावडा
म्हणजे पाटी तीच, बाप बदलला. आपल्या नगरपालिकांना हे सुचलं असतं तर रंगाचा खर्च वाचला असता.

चंदेरी_तलवार
यावर मी गप्प. ज्या वर्षी लिबर्टी नाव दिलं त्याच वर्षी काळे जनरल ब्राउन पॉवेलच्या खुर्चीत बसले, आणि ज्या महिन्यात ब्रॅग परतला त्याच महिन्यात त्यांना काढलं. मलाही ते आवडलं नाही. माझ्या त्या शेजारी मास्टर सार्जंटला फोन केला तर म्हणाला, "मी पेन्शनवर आहे, मासे पकडतोय." पुढे काही बोलला नाही.

कोलंबियाकर
दोन आठवड्यांनी येतोय, माफी. मुलीला धागा वाचून दाखवला. तिचं मराठी वाचन कच्चं, पण 'दोन' हा शब्द तिने स्वतः वाचला.

मग तिने सरळ त्या मुलालाच विचारलं. मला वाटलं देशभक्ती वगैरे सांगेल. तो म्हणाला, दात नीट करायचे आहेत आणि कॉलेजचं कर्ज नको. सुभेदारकाका, तुम्ही जिंकलात.

नंतर शनिवारी त्याच्या घरी गेलो होतो, पोरांना सोडायला. आजोबा ओसरीत बसले होते, त्यांनी लिंबाचं सरबत दिलं. बोलता बोलता सांगितलं, त्यांचे वडील फ्रान्समध्ये ट्रक चालवत होते १९४४ ला. आल्यावर कर्जाला तीनदा अर्ज केला, तीनदा परत. ते कागद घरात कुठेतरी आहेत म्हणे. आजोबा स्वतः सत्तरच्या दशकात सैन्यात गेले, आणि त्यांना मात्र तेच कर्ज मिळालं. "त्याच योजनेतलं हे घर," म्हणाले, आणि ओसरीच्या खांबावर दोनदा थाप मारली, गाडीच्या बॉनेटवर मारतात तशी. पोराला सैन्यात जा म्हणाले नाहीत, जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. वुडर्डचं विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनीच विचारलं, बॅट्सबर्गला पीच कुठल्या टपरीवर घेतले.

ऑगस्टच्या शेवटी त्याची पासिंग आउट परेड आहे. मुलगी जाणार म्हणते, म्हणजे आम्हीही.

मावशी_न्यू_जर्सीवाली
आदल्या दिवशी फॅमिली डे असतो, तोही चुकवू नका. हिल्टन फील्डवर सावली अजिबात नाही, टोप्या आणि पाणी न्या. आणि त्या पोराला घरचं काहीतरी खायला न्या, दहा आठवडे नुसतं गिळलेलं असतं. भाच्याला मी दशम्या नेल्या होत्या, निम्म्या त्या अलाबामाच्या पोराने खाल्ल्या.